एआरसी लावला, पुढे काय? कुबरनेटिसवरचे गिटहब रनर सांभाळायची गाइड

गिटहब ॲक्शन्सचे रनर (बिल्ड, टेस्ट असले जॉब प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्राम) स्वतःच्या कुबरनेटिस क्लस्टरवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनच्या समूहावर, चालवायचे तर ॲक्शन्स रनर कंट्रोलर, म्हणजे एआरसी, हेल्म या इन्स्टॉलच्या टूलच्या दोन कमांडमध्ये बसतो आणि पहिला जॉब पटकन हिरवा होतो. म्हणूनच बऱ्याच टीममध्ये तो कोणाच्याच अंगावर नसतो, कोणीतरी लावला, तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, आणि मग एक दिवस सगळे जॉब क्यूड, म्हणजे रांगेत, दाखवत बसतात आणि कोणाला काही कळत नाही. लावायचं कसं ते डॉक्युमेंटेशनमध्ये नीट दिलंय, ते इथे परत लिहीत नाही. लावल्यानंतर रोजच्या रोज काय बघायचं, काय कशाच्या आधी करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, एवढंच सांगतो.

आधी तुमच्याकडे कुठला एआरसी आहे ते बघा. हा प्रोजेक्ट मूळचा कम्युनिटीचा, समरविंड नावाच्या अकाउंटवर वाढलेला, नंतर गिटहबने तो आपल्या ॲक्शन्स ऑर्गमध्ये घेतला आणि २०२३ मध्ये रनर स्केल सेट (जॉबनुसार कमी-जास्त होणारा, एका नावाचा रनरचा गट) ही नवी पद्धत अधिकृत सपोर्टसकट आणली. त्यामुळे एकाच रेपोत दोन पिढ्या नांदतायत. कुबसीटीएल गेट सीआरडी मारा, सीआरडी म्हणजे क्लस्टरमध्ये बाहेरून घातलेले ऑब्जेक्टचे प्रकार. रनरडिप्लॉयमेंट, हॉरिझॉन्टलरनरऑटोस्केलर असलं काही दिसलं तर तुमच्याकडे जुनी पिढी आहे, तिला सर्टिफिकेट सांभाळणारा सर्ट-मॅनेजरही लागतो. ऑटोस्केलिंगरनरसेट दिसला तर नवी. दोन्ही दिसले तर कोणीतरी मायग्रेशन अर्ध्यावर सोडलंय, आधी ते निस्तरा. नेटवर सापडणारे बरेच उपाय जुन्या पिढीचे असतात आणि ते नव्याला लावायला गेलात की नसता ताप होतो. इथून पुढे सगळं नव्याबद्दल.

कोण कोणाला जन्म देतो

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं डीबगिंग संपतं, म्हणून जरा सविस्तर. हेल्म जो स्केल सेटचा चार्ट (हेल्मचं पॅकेज) लावतो त्यातून ऑटोस्केलिंगरनरसेट नावाचा एक ऑब्जेक्ट तयार होतो. कंट्रोलर तो बघून दोन गोष्टी करतो: स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) लिसनर नावाचा पॉड (एकत्र चालणारे एक किंवा जास्त कंटेनर) उठवतो, आणि रनरच्या नेमस्पेसमध्ये एफिमेरलरनरसेट बनवतो. या सेटमधून एकेक एफिमेरलरनर निघतो, आणि प्रत्येक एफिमेरलरनरमागे एक सीक्रेट असतं, ज्यात त्या रनरचं एकदाच वापरायचं टोकन असतं, आणि एक पॉड असतो जो एक जॉब करून संपतो.

लिसनर गिटहबकडे लाँग पोल लावून, म्हणजे कनेक्शन उघडं ठेवून निरोपाची वाट बघत, बसतो. गिटहब सांगतं की तुझ्या नावावर इतके जॉब आहेत, लिसनर एफिमेरलरनरसेटचा आकडा बदलतो, बाकीचं कंट्रोलर करतो. बाहेरून आत येणारा वेबहुक इथे नाही, सगळा ट्रॅफिक आतून बाहेर ४४३ पोर्टवर, त्यामुळे सिक्युरिटी टीमशी वाद घालायला हा मुद्दा कामाचा आहे.

आता लक्षात घ्या की एकाच रनरची नोंद तीन ठिकाणी आहे. गिटहबच्या बाजूला रजिस्टर झालेला रनर, क्लस्टरमधला एफिमेरलरनर ऑब्जेक्ट, आणि प्रत्यक्ष चालणारा पॉड. एआरसीची जवळजवळ सगळी दुखणी या तिघांचं एकमेकांशी जुळेनासं झालं की सुरू होतात, आणि म्हणून सगळीकडे फायनलायझर लावलेले आहेत, म्हणजे गिटहबकडची नोंद काढल्याशिवाय क्लस्टरमधला ऑब्जेक्ट जाऊ नये. नुसता पॉड डिलीट करून काही साधत नाही, कंट्रोलर बघतो की नोंद अजून आहे आणि तोच रनर परत उठवतो. काढायचाच असेल तर एफिमेरलरनर काढा, पॉड आपोआप जाईल.

जॉब क्यूड आहे, पॉड काही येत नाही

हा फोन सगळ्यात जास्त येतो. लोक थेट रनरच्या नेमस्पेसमध्ये जाऊन रिकाम्या यादीकडे बघत बसतात. तिथे शेवटी जायचं, सुरुवात लिसनरपासून.

कंट्रोलरच्या नेमस्पेसमध्ये प्रत्येक स्केल सेटमागे एक लिसनर पॉड दिसलाच पाहिजे. नसेल तर कंट्रोलरचे लॉग बघा, तिथे बहुतेक वेळा ऑथेंटिकेशनचं रडगाणं असतं: गिटहब ॲपची प्रायव्हेट की कोणीतरी रोटेट केली आणि सीक्रेट बदललं नाही, किंवा ॲपचं इन्स्टॉलेशन सस्पेंड झालं, किंवा पर्सनल ॲक्सेस टोकन वापरलं होतं आणि ज्याचं होतं तो कंपनी सोडून गेला. टोकन वापरूच नका, ॲपच वापरा, ऑर्ग लेव्हलला सेल्फ-होस्टेड रनर्सची रीड-राइट परमिशन लागते, रेपो लेव्हलला लावायचा तर ॲडमिनिस्ट्रेशनची. एक आडवाटेचं कारण म्हणजे नोडचं, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनचं, घड्याळ. ॲपचा जेडब्ल्यूटी (ओळख पटवणारं सही केलेलं टोकन) जास्तीत जास्त १० मिनिटांचा असतो, घड्याळ सरकलं की गिटहब तो नाकारतं आणि एरर बघून कोणाच्या डोक्यात घड्याळ येत नाही.

लिसनर आहे आणि चालू आहे, तर त्याचे लॉग वाचा. त्यात किती जॉब नावावर लागलेत आणि किती रनर हवेत हे आकडे येत राहतात. जॉब शून्य दिसत असतील तर प्रॉब्लेम क्लस्टरमध्ये नाहीच, उगाच नोड बघत बसू नका. वर्कफ्लोमधल्या रन्स-ऑनमधलं (जॉब कुठल्या रनरवर चालवायचा ते सांगणारी ओळ) नाव आणि स्केल सेटचं नाव तंतोतंत तेच आहे का बघा, नुसतं सेल्फ-होस्टेड लिहून चालत नाही. नाव बरोबर असेल तर रनर ग्रुप (कुठल्या रेपोंना हे रनर वापरता येतात ते ठरवणारा गट) बघा, त्या ग्रुपमध्ये हा रेपो आहे का, आणि रेपो पब्लिक असेल तर ग्रुपला पब्लिक रेपो चालतात का. ते डीफॉल्टने बंद असतं आणि बंदच असावं, कारण फोर्कमधून (बाहेरच्या कोणीही केलेली रेपोची कॉपी) येणाऱ्या पुल रिक्वेस्टला तुमच्या क्लस्टरमध्ये कोड चालवू देणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपणं.

लिसनर म्हणतोय १२ रनर हवेत आणि पॉड ४ आहेत, आता मात्र रनरच्या नेमस्पेसमध्ये जा आणि गेट पॉड्स नाही तर गेट एफिमेरलरनर मारा. पेंडिंगवाले असतील तर नेहमीचं, नोड नाही, कोटा संपला, इमेज ओढता येत नाही, ते डिस्क्राइबमध्ये दिसेल. फेल्डवाले जास्त त्रासदायक. एखाद्या रनरचा पॉड पाचपेक्षा जास्त वेळा पडला की कंट्रोलर त्या एफिमेरलरनरला फेल्ड ठरवतो आणि नाद सोडतो, पण तो ऑब्जेक्ट तिथेच पडून राहतो, तुम्ही येऊन बघावं म्हणून. आणि तो मॅक्सरनर्सच्या (जास्तीत जास्त किती रनर ही मर्यादा) हिशोबात जागा अडवून बसतो. म्हणजे मॅक्स २० आहे, रात्री इमेजची रजिस्ट्री (कंटेनर इमेज जिथून ओढल्या जातात ती जागा) तासभर डाउन होती, १५ फेल्ड होऊन पडले, तर सकाळी रजिस्ट्री ठणठणीत असूनही तुमच्याकडे फक्त ५ रनर चालतात आणि सगळे म्हणतात सीआय स्लो झालं. आधी एकाचं डिस्क्राइब वाचून कारण समजून घ्या, मग फेल्डवाले एफिमेरलरनर डिलीट करा, जागा मोकळी होते. कारण न बघता डिलीट केलेत तर थोड्या वेळात परत तेवढेच जमतील.

घाई करायला एक कारणही आहे: सेल्फ-होस्टेड रनरची वाट बघत जॉब २४ तास क्यूमध्ये राहू शकतो, त्यानंतर गिटहब तो पाडून टाकतं. शुक्रवारी संध्याकाळी अडकलेले जॉब सोमवारी तुमची वाट बघत बसणार नाहीत.

अपग्रेड

इथे हेल्म अपग्रेड मारून मोकळं व्हायची सवय अंगाशी येते. दोन चार्ट आहेत, एक कंट्रोलरचा, एक स्केल सेटचा, आणि दोघांचं व्हर्जन जुळलं पाहिजे. कंट्रोलर प्रत्येक ऑटोस्केलिंगरनरसेटवरचं व्हर्जनचं लेबल स्वतःच्या बिल्डशी ताडून बघतो आणि जुळलं नाही तर तो सेट सरळ डिलीट करतो. हो, डिलीट. लॉगमध्ये एक साधी इन्फोची ओळ येते की व्हर्जन डझन्ट मॅच द बिल्ड व्हर्जन, डिलीटिंग द रिसोर्स, आणि विषय संपला. गंमत म्हणजे हेल्म लिस्ट मारलं तर रिलीज अजूनही डिप्लॉइड दाखवतं, कारण हेल्मला नंतर काय झालं त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे नुसता कंट्रोलर पुढे नेला आणि स्केल सेट उद्या बघू म्हटलं, तर उद्या बघायला स्केल सेटच नसतो.

दुसरी गोष्ट सीआरडी. हेल्म चार्टच्या सीआरडी फोल्डरमधलं पहिल्या इन्स्टॉलला लावतो, अपग्रेडला त्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून एआरसीचा अधिकृत मार्ग हा असा लांबचा आहे: सगळे स्केल सेट हेल्म अनइन्स्टॉल करा, ऑटोस्केलिंगरनरसेट, एफिमेरलरनरसेट, एफिमेरलरनर आणि लिसनर हे चारही रिकामे होईपर्यंत थांबा, मग कंट्रोलर काढा, मग ॲक्शन्स डॉट गिटहब डॉट कॉम या ग्रुपचे सीआरडी काढा, मग नवा कंट्रोलर, मग नवे स्केल सेट. मधलं जे थांबणं आहे ना, तेच महत्त्वाचं, आणि तेच स्क्रिप्टमध्ये कोणी घालत नाही.

कारण फायनलायझर सोडवणारा कंट्रोलर आहे. तो आधी काढला की मागे राहिलेले ऑब्जेक्ट टर्मिनेटिंगमध्ये लटकतात, नेमस्पेस डिलीट केली तर तीही लटकते, आणि मग लोक गुगल करून फायनलायझर रिकामे करायचा पॅच मारतात. तो पॅच चालतो, पण तो शेवटचा उपाय. आधी त्याच जुन्या व्हर्जनचा कंट्रोलर परत लावा आणि चहा घेऊन या, बहुतेक वेळा तो स्वतःच सगळं नीट आवरतो, गिटहबकडच्या नोंदींसकट. पॅचच मारायची वेळ आली तर रोल, रोलबाइंडिंग, सर्व्हिस अकाउंट आणि सीक्रेट यांच्यावर क्लीनअप-प्रोटेक्शन नावाचा वेगळा फायनलायझर असतो तोही बघा, नेमस्पेस त्यामुळेच अडलेली असते. गिटहबच्या यादीत ऑफलाइन रनर उरले तर त्यांच्या मागे लागू नका, एफिमेरल रनर एक दिवस कनेक्ट झाला नाही की गिटहब स्वतःच काढून टाकतं.

या सगळ्यात रनर बंद राहतात हे खरंय. ते परवडत नसेल तर दोन क्लस्टरवर एकाच नावाचा स्केल सेट वेगवेगळ्या रनर ग्रुपमध्ये लावता येतो, मग एक बाजू खाली घेतली तरी दुसरी जॉब घेते. छोट्या टीमला एवढं करायची गरज नाही, दुपारी जेवायच्या वेळेत उरका.

आर्गो सीडी (गिटमध्ये लिहिलेलं क्लस्टरवर आपोआप लावणारं टूल) वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. एआरसीचे सीआरडी एवढे मोठे आहेत की साधा अप्लाय २,६२,१४४ बाइटच्या ॲनोटेशन मर्यादेवर आपटतो, तिथे सर्व्हर-साइड अप्लाय चालू करा. स्केल सेटचा चार्ट कंट्रोलरचं सर्व्हिस अकाउंट क्लस्टरमध्ये शोधून घेतो, आर्गो नुसता टेम्प्लेट रेंडर करतो त्यामुळे ते शोधणं जमत नाही, म्हणून कंट्रोलरसर्व्हिसअकाउंटचं नाव आणि नेमस्पेस व्हॅल्यूजमध्ये हाताने लिहा. आणि आर्गोचं इन्स्टन्स लेबल स्केल सेटवरून खालच्या ऑब्जेक्टपर्यंत झिरपतं, मग आर्गोला वाटतं हे आपलेच आहेत पण गिटमध्ये तर नाहीत, आणि प्रून चालू असेल तर काढायला लागतो. हे लेबल खाली जाऊ नये म्हणून कंट्रोलरच्या चार्टमध्ये फ्लॅग आहे, एक्सक्लूड लेबल प्रोपगेशन प्रीफिक्सेस, तो लावा.

रनरची इमेज

एआरसीमधले रनर स्वतःला अपडेट करत नाहीत, इमेजमध्ये जे व्हर्जन आहे तेच चालतं. आणि गिटहबचा नियम असा की रनरचं नवं व्हर्जन आल्यापासून ३० दिवसांत तुम्ही ते घेतलं पाहिजे, नाहीतर तुमच्या रनरला जॉब देणं बंद होतं. अधिकृत इमेज जशीच्या तशी लेटेस्ट टॅगने वापरणाऱ्यांना हे जाणवत नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण त्यावर जावा, नोड, कंपनीचं रूट सर्टिफिकेट वगैरे चढवून स्वतःची इमेज बनवतात आणि मग ती तशीच विसरतात. दर आठवड्याला ही इमेज परत बिल्ड करणारा वर्कफ्लो लावा, आणि तो मात्र गिटहबच्याच होस्टेड रनरवर चालवा, कारण आपले रनर जॉब घेईनासे झाले तर दुरुस्तीचा बिल्डही त्यांच्यावरच अडकेल.

टेम्प्लेट बदलताना दोन गोष्टी पाळा, कंटेनरचं नाव रनरच हवं आणि कमांडमध्ये रन डॉट एसएच हवं. कमांड विसरली तर पॉड उठतो, काही न करता संपतो, आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर वर सांगितलेला फेल्डचा प्रकार.

डॉकर बिल्ड अडकतं ते का

डॉकर-इन-डॉकर मोड (रनरच्या पॉडमध्येच वेगळा डॉकर चालवणं) लावला, सगळं चालतंय, पण डॉकर बिल्डच्या आतलं एनपीएम इन्स्टॉल किंवा ॲप्ट-गेट अपडेट लटकतं. एरर नाही, टाइमआउट होईपर्यंत नुसतं बसून राहतं, आणि तीच यूआरएल रनर कंटेनरमधून कर्ल केली तर झटक्यात येते. हे ओळखीचं वाटत असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बघा. क्लस्टरचं नेटवर्क व्हीएक्सलॅनवर (एका नेटवर्कच्या पॅकेटमध्ये दुसऱ्याचं पॅकेट गुंडाळायची पद्धत) असेल तर ५० बाइट हेडरमध्ये जातात आणि पॉडच्या इंटरफेसला १४५० मिळतात, पण आतला डॉकर डीमन आपल्या ब्रिजला सवयीने १५०० लावतो. छोटी पॅकेट जातात म्हणून डीएनएस चालतं, कनेक्शनही जुळतं, आणि टीएलएसच्या सर्टिफिकेटचं मोठं पॅकेट आलं की गाडं अडतं. रनर पॉडमध्ये शिरून इथरनेट इंटरफेसचा एमटीयू बघा आणि डॉकरडीला तोच आकडा एमटीयू फ्लॅगने द्या. यासाठी कंटेनरमोडचा शॉर्टकट सोडून डॉकरचा कंटेनर टेम्प्लेटमध्ये पूर्ण हाताने लिहावा लागतो. जे लोक जॉबमध्ये डॉकर कंपोज वापरतात त्यांनी हेही बघा की कंपोज स्वतःचं नेटवर्क बनवतं आणि त्याला हा फ्लॅग लागू होत नाही, तिथे डीफॉल्ट नेटवर्क ऑप्टमधून ब्रिज ड्रायव्हरचा एमटीयू वेगळा द्यावा लागतो. रजिस्ट्री मिररही त्याच ठिकाणी लावून घ्या, सगळे रनर एकाच नॅट आयपीमागून डॉकर हबला ठोठावतात आणि इमेज ओढायची लिमिट लवकर लागते.

डॉकर-इन-डॉकरला प्रिव्हिलेज्ड (नोडवर जवळजवळ पूर्ण अधिकार असलेला) पॉड लागतो, ते चालत नसेल तर कुबरनेटिस मोड आहे, त्यात जॉबचा कंटेनर वेगळ्या पॉडमध्ये चालतो. तिथे आउट ऑफ सीपीयू असा एरर देऊन जॉबचा पॉड लगेच मरत असेल तर कारण असं की व्हॉल्यूम एकाच नोडवर लागणारा असल्यामुळे हा दुसरा पॉड शेड्युलरला न विचारता थेट रनरच्याच नोडवर टाकला जातो, जागा असो वा नसो. अनेक नोडवर लागणारं व्हॉल्यूम घेऊन ॲक्शन्स रनर यूज कुब शेड्युलर हा व्हेरिएबल ट्रू केला की सुटतं.

चालू जॉब मधेच मरतो

जॉबच्या लॉगमध्ये रनर लॉस्ट कम्युनिकेशन विथ द सर्व्हर दिसलं की नेटवर्कला शिव्या घालायच्या आधी पॉडचं काय झालं ते शोधा. एक तर मेमरी लिमिट ओलांडून ओओएम किल झालाय, नाहीतर नोडच काढून घेतला गेलाय. नोड ऑटोस्केलरला तुमचा अर्ध्या तासाचा इंटिग्रेशन टेस्ट चालू आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्याला नोड रिकामा वाटला की तो आवरायला घेतो. पॉड टेम्प्लेटवर क्लस्टर ऑटोस्केलर असेल तर सेफ टू इव्हिक्ट फॉल्स, कार्पेंटर असेल तर डू नॉट डिसरप्ट ट्रू हे ॲनोटेशन लावा. स्पॉट नोडवर याचा उपयोग नाही, क्लाउडने नोड मागितला की द्यावाच लागतो, म्हणून लांब जॉबसाठी ऑन-डिमांड नोडवर वेगळा स्केल सेट ठेवा आणि लिंट, युनिट टेस्ट वगैरे स्पॉटवर जाऊ द्या. रिक्वेस्ट आणि लिमिट डीफॉल्टने काहीच नसतात, ते तुम्हीच घालायचे.

किती रनर ठेवायचे

मिनरनर्सचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. कमीत कमी इतके चालू, असा तो नाही. हवे असलेले रनर म्हणजे मिनरनर्स अधिक नावावर लागलेले जॉब, आणि वरची मर्यादा मॅक्सरनर्स. म्हणजे मिन ५ ठेवलं आणि ८ जॉब आले तर १३ उठतात, ५ रिकामे बसूनच असतात. बिल बघून धक्का बसायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

पुण्यातल्या टीमचं सकाळी साडेदहाला स्टँडअप संपतं आणि सगळे एकदम पुश करतात, तेव्हा गरम, म्हणजे आधीच उठून तयार असलेले, रनर हवेत. रात्री कोणाला नकोत. नव्या पद्धतीत मिनरनर्सला वेळापत्रक नाही, म्हणून एक साधा क्रॉनजॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून सकाळी पॅच, रात्री परत पॅच असं करता येतं. त्यात लिसनर नव्याने उठतो, चालू जॉबला धक्का लागत नाही. आर्गो असेल तर त्या फील्डकडे दुर्लक्ष करायला सांगा, नाहीतर तो दर वेळी जुनं करून ठेवेल. कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबला टाइमझोनचं फील्ड आहे, तिथे एशिया स्लॅश कोलकाता लिहून मोकळे व्हा. गिटहबच्या वर्कफ्लोमधलं शेड्यूल मात्र यूटीसी धरूनच लिहायची सवय ठेवा: आपल्याकडचे रात्रीचे २ म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे २०:३०, आणि वार १ ते ५ लिहिलात तर भारतात तो मंगळवार ते शनिवार पहाटे चालतो.

अलर्ट

मेट्रिक्स डीफॉल्टने बंद असतात, कंट्रोलरच्या चार्टमधला मेट्रिक्सचा ब्लॉक उघडून चालू करा. डॅशबोर्ड हवा तेवढा सजवा, पण रात्री उठवणारे अलर्ट मी तीनच ठेवेन. रनिंग लिसनर्सचा आकडा स्केल सेटच्या संख्येपेक्षा कमी झाला. फेल्ड एफिमेरल रनर्स शून्याच्या वर गेले आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिले. आणि असाइन्ड जॉब्स सतत रनिंग जॉब्सपेक्षा जास्त, तेही डिझायर्ड रनर्स मॅक्सला टेकलेले नसताना. टेकलेले असतील तर तो बिघाड नाही, तिथे फक्त मॅक्स वाढवायचं की लोकांना थांबवायचं एवढा निर्णय आहे आणि तो दिवसा घेता येतो. जॉब स्टार्टअप ड्युरेशनचा हिस्टोग्राम उपयोगी आहे पण त्याला जॉबचं नाव, रेपो असली लेबलं चिकटतात, मोठ्या ऑर्गमध्ये प्रोमिथियसची (हे आकडे गोळा करून ठेवणारं टूल) मेमरी त्यानेच फुगते, तेव्हा नको असलेली लेबलं स्क्रेप करतानाच गाळा.